गोल आवाजाचा सायलेन्सर

"तुमी घोरता का?"

खोली भाड्यानं घ्यायला आलेल्या, लग्न न झालेल्या, नोकरी करणाऱ्या बाईला कोणता घरमालक असं विचारतो? मला विचारलं. तेही अंगणात, शेजारीपाजारी कान टवकारून बसलेले असताना. मी भंडाऱ्याच्या बाजारात भाव करत मोठी झालेली, बोलण्यात कोणाला हार न जाणारी. जरा सावरून मी म्हटलं, मी घोरत नाही, आणि घोरत असले तरी तुम्हाला काय त्याचं? तर हा माणूस डोळे मिटून ऐकत होता. मी काय बोलते ते नव्हे, नुसता माझा आवाज. ऐकून झाल्यावर त्यानं मान हलवली.

"चपटा हाये आवाज. पन फाटका नाही. चालते. आना सामान."

अहो, चपटा! माझ्या आईनं ऐकलं असतं तर तिनं तिथंच चप्पल काढली असती. पण गावात दुसरी खोली नव्हती, आरोग्य उपकेंद्र समोरच होतं, आणि ऊन असं की परत फाट्यापर्यंत बॅग ओढत जायची माझ्यात ताकद नव्हती. मी सामान आत घेतलं.

ते गाव म्हणजे गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावाचं नवीन गाव. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, भिंतीला भिंत. जुन्या गावात म्हणे घराघरांत गोठे होते, वांग्या-वालाच्या बागा होत्या, मधे मोठमोठ्या चिंचा होत्या. एकाच्या घरचं भांडण दुसऱ्याच्या घरी पोचेपर्यंत थंड व्हायचं. इथं एका घरी कुकरची शिट्टी झाली की शेजारीण आपला गॅस बंद करायची. मी तिथली आरोग्यसेविका. लसी, बाळंतपणं, बीपीच्या गोळ्या हे माझं काम. घरमालक साठी ओलांडलेले, जन्मभर धानाची शेती केलेला माणूस. उंच, वाळका, धोतर वर खोचलेलं, कानाभोवती कायम दुपट्टा. मी त्यांना काकाजी म्हणायची, ते मला नर्सबाई म्हणायचे. आणि त्यांच्या अंगणात, जिथं लोकांकडे तुळस असते, तिथं काळी बुलेट उभी होती. तुळस बिचारी न्हाणीजवळ सरकवलेली. हे पाहूनही मी हबकलेच होते.

बुडालेल्या जमिनींचा मोबदला मिळाला तेव्हा त्या गावात घरोघरी मोटरसायकली आल्या, त्यात नवल नाही. पण त्या पोरांनी घेतल्या. या माणसानं स्वतःसाठी घेतली, सायकलीपलीकडे जन्मात काही चालवलं नसताना. कधी तिसऱ्या गिअरवर गेले नाहीत. हॉर्न तर कधीच वाजवला नाही. हॉर्न म्हणजे रस्त्यात उभं राहून शिवी देणं, असं त्यांचं मत. समोर म्हैस आडवी आली तर गाडी थांबवून खाली उतरायचे, म्हशीला बाजूला घ्यायचे आणि पुन्हा किक मारायचे. नागपूरला दिलेली त्यांची मुलगी फोनवर रडायची, की बाबा, ते धूड विकून टाका. तर हे फोन कानापासून लांब धरून मला सांगायचे, "पाहा, रडतानी आवाज कसा गोल होते तिचा."

या माणसाला काय म्हणावं ते मला कळत नसे.

काकूंचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्यांना विसर पडत चालला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं होतं, गोळ्या दिल्या होत्या, आणि हे वाढतच जाईल हेही सांगून टाकलं होतं. दिवसा बाई ठीक असायच्या. तांदूळ निवडायच्या, माझ्या डब्यात गुपचूप लोणच्याची फोड टाकायच्या. पण ऊन उतरलं की त्यांच्या पायात काहीतरी शिरायचं. पदर खोचायच्या आणि चालायला लागायच्या. घरी जाते म्हणायच्या. घर कुठं? पाण्याखाली. गावामागच्या शेतांतून उतरलं की धरणाचं पाणी लागतं, आणि जुनी गाडीवाट तशीच सरळ त्या पाण्यात उतरलेली आहे. काकू त्या वाटेनं जायच्या. हात धरला तर चावायच्या. दार लावलं तर भिंतीवर डोकं आपटायच्या. काकाजींनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, भर रस्त्यात पाया पडून पाहिलं, असं शेजारणी सांगायच्या. बाई परक्या माणसाला झटकावं तशी त्यांना झटकून पुढं जायची. कितीदा तरी लोकांनी त्यांना पाण्याच्या काठावरून माघारी आणलं होतं. एक दिवस कोणाचं लक्ष नसेल आणि ही बाई बुडेल, हे सगळ्या गावाला माहीत होतं. कोणी तोंडानं म्हणत नव्हतं, एवढंच.

आता यात बुलेटचा काय संबंध, असं मलाही वाटलं होतं.

झालं असं, की नवी गाडी घेऊन काकाजी एकदा भंडाऱ्याला गेले. कंपनीचा आवाज त्यांना 'मुका' वाटत होता. तिथल्या सायलेन्सरच्या दुकानदारानं गंमत म्हणून एक लांब नळकांडं बसवून दिलं, चालवून पाहा म्हणाला. ते घेऊन हे ऊन उतरता उतरता गावात शिरले. काकू तेव्हा शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पोचल्या होत्या, दोन बाया मागं धावत होत्या. धुक् धुक् धुक् आवाज आला आणि काकू जागच्या जागी थांबल्या. वळल्या. म्हणाल्या, "अवं, चक्की सुरू झाली. दळन राहूनच गेलं माह्यं." आणि तरातरा घरी येऊन गव्हाचा डबा शोधायला लागल्या.

जुन्या गावात नदीकाठी डिझेल इंजिनवर चालणारी पिठाची चक्की होती. चक्कीवाला संध्याकाळी इंजिन सुरू करायचा. त्याच्या धुराच्या नळीवर एक डबा उपडा टांगलेला असायचा, त्यामुळे आवाज गावभर जायचा. तो आवाज म्हणजेच बोलावणं. ऐकला की बाया डोक्यावर डबे घेऊन निघायच्या, नंबर लावायच्या, आणि दळण होईपर्यंत गप्पा छाटत बसायच्या. त्या गावची कोणतीही म्हातारी तुम्हाला सांगेल, दिवसातला तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा होता.

त्या दिवसापासून काकाजी पेटले. रोज ऊन उतरायच्या आधी बुलेट अंगणात स्टँडवर लावायची, सुरू करायची आणि हळू चालू ठेवायची. काकू डबा घेऊन यायच्या, गाडीपासून थोडं दूर खाली ठेवायच्या आणि बसायच्या. नंबर लावून! समोर कोणी नाही, मागं कोणी नाही, पण बाई आपल्या नंबराची वाट बघत शांत बसलेली. अंधार पडायला लागला की काकाजी डबा उचलायचे, आत जायचे, तेच गहू तसेच बाहेर आणायचे आणि म्हणायचे, झालं दळन. काकू डबा घेऊन घरात. मग गाडी बंद, जेवण, झोप. पहिल्यांदा हा प्रकार मी पाहिला तेव्हा माझ्या हातातला चहा कपातच थंड झाला. मला हसावं की रडावं कळेना. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी असा इलाज पाहिला नव्हता.

पण दुकानदाराचं ते नळकांडं फार मोठं बोलत होतं. काकाजींनाही ते पसंत नव्हतं. त्यांच्या मते आवाज पोटातून यायला हवा, नाकातून आला की माणसं भांडतात. जगातले सगळे आवाज त्यांनी वाटून टाकले होते. कोंबडा फाटका. देवळातली घंटा गोल, पण थंड. सरपंचाचं भाषण चपटं आणि ओलं. चालता चालता कशावरही बोटांनी टकटक करायचे आणि थांबून ऐकायचे. पाण्याची टाकी, विजेचा खांब, एकदा तर माझ्याकडे आलेल्या जिल्ह्याच्या साहेबांची जीप. साहेब आत बसलेले! मला वाटलं, आता माझी बदली.

एक दिवस मी उपकेंद्रातून घरी आले तर काकाजी जमिनीवर पालथे पडलेले. धावत गेले, तर यांच्या कानात माझा स्टेथोस्कोप आणि त्याचं दुसरं टोक सायलेन्सरवर. माझा स्टेथोस्कोप! ज्यानं मी लोकांचं बीपी मोजते! मी एवढ्या जोरात ओरडले की गाडीसुद्धा त्यापुढं फिकी पडली असती. ते उठले, धोतर झटकलं आणि अगदी डॉक्टरी गंभीरपणानं म्हणाले, "आत एक पत्रा ढिला हाये. दम लागते त्याले."

आवाज खाली आणायचे त्यांचे उपाय ऐकाल तर तुम्हीही कपाळावर हात मारून घ्याल. त्यांनी सायलेन्सरच्या तोंडात जुन्या गोधडीचा कापूस कोंबला. गाडी सुरू केली. थोडा वेळ छान, दबका, गोल आवाज. काकाजी खूश. मी म्हणाले, काहीतरी जळल्याचा वास येतो. ते म्हणाले, तुमचं नाक चपटं हाये. तेवढ्यात सट्ट आवाज झाला आणि पेटता बोळा उडून शेजारच्या अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांवर पडला. लुगड्यावर पसरलेल्या कुरडया होत्या हो, वर्षाच्या! लुगडंही गेलं आणि कुरडयाही गेल्या.

ते शेजारी म्हणजे चिखल्याच्या मँगनीज खाणीतून निवृत्त झालेले भाऊ. बायकोचं माहेर या गावचं, म्हणून इथं प्लॉट घेऊन राहिले होते. घरासमोर निळा झेंडा, ओसरीत बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली खुर्ची, आणि खुर्चीत हे पेपर वाचत. आयुष्य जमिनीखाली सुरुंग लावण्यात गेलेलं. मला म्हणायचे, "बाई, मी जलमभर धमाके आयकले. आता मले फक्त पेपरचं पान उलटल्याचा आवाज पायजे." त्यांचा राग मला पटायचा. कोणाला नाही पटणार? त्यांनी काकाजींना किती वेळा जय भीम घालून नीट सांगितलं, की आवाज कमी करा. काकाजी म्हणायचे, करून राहिलो ना, भाऊ. पण होत काही नव्हतं. कुरडया जळाल्यावर भाऊंचा संयम सुटला.

त्यांनी पोलिसांना फोन लावला. आणि खाणीतला माणूस, त्यात पोरं बुलेटच्या आवाजाला फायरिंग म्हणतात आणि खाणीत सुरुंगालाही फायरिंगच म्हणतात, तर भाऊ फोनवर म्हणाले, "साहेब, आमच्या शेजारी रोज संध्याकाळी फायरिंग करून राहिले. आज तं माह्या अंगनात आग लागली. बायको थोडक्यात वाचली."

आता पोलिसांनी काय समजावं?

जीप आली ती धूळ उडवत. बंदुका घेतलेले शिपाई उड्या मारून उतरले, एक जण तर भिंतीआड दबा धरून बसला. मी दारात उभी, हातात लसींचा डबा. बायकापोरं घरात, दारं धडाधड बंद. आणि अंगणात बुलेट धुक् धुक् करते आहे, समोर काकू डबा घेऊन बसलेल्या. फौजदारसाहेब पिस्तुलावर हात ठेवून आत शिरले. काकूंनी त्यांच्याकडे वर पाहिलं, थोडं सरकून जागा करून दिली आणि सांगितलं, "बसा भाऊ. माह्या मांगं नंबर हाये तुमचा. डबा नाही आनला का?"

साहेबांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही.

त्यांना सगळं सांगितलं. भाऊंनीही धावत येऊन फायरिंगचा खुलासा केला, वर खाणीतल्या सुरुंगाची पद्धत समजावली, ती कोणी विचारली नव्हती. शिपाई तोंडात रुमाल कोंबून हसत होते. साहेब हसले नाहीत. माणूस चांगला होता. बाजूला नेऊन काकाजींना म्हणाले, काका, तुमचं दुःख मला समजलं, पण हे नळकांडं नियमात बसत नाही, मला ते न्यावं लागेल. तुम्ही कंपनीचं बसवा, किंवा असं काही बसवा की शेजाऱ्याची तक्रार येणार नाही. पुन्हा तक्रार आली तर गाडी उचलावी लागेल. नळकांडं जीपमध्ये गेलं. जाता जाता एका शिपायानं काकूंना नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी काकाजींनी कंपनीचा सायलेन्सर परत चढवला. नियमात बसणारा, सभ्य, आणि काकूंच्या काही कामाचा नाही. संध्याकाळी गाडी सुरू होती, भाऊ पेपर वाचत होते, सगळं गाव शांत होतं, आणि काकूंनी पदर खोचला. काकाजी ॲक्सिलरेटर पिळत होते, गाडी गुरगुरत होती. काकूंनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. मी घरोघरी गोळ्या वाटत होते. ओरडा ऐकून शेतातून धावत सुटले. गाडीवाटेच्या टोकाशी पोचले तर काकू पाण्यात. कमरेपर्यंत. अगदी शांतपणे, घरात शिरावं तशा चालत होत्या, लुगडं वर तरंगत होतं. मी चपलेसकट शिरले, मागून भाऊ शिरले, ते पेपर हातात घेऊनच आले होते, आणि आम्ही दोघांनी मिळून त्यांना ओढलं. त्या माझ्या दंडाला कडकडून चावल्या. काकाजी काठावर पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. त्यांनी काकूंकडे पाहिलं, भाऊंच्या ओल्या धोतराकडे पाहिलं, आणि चिखलात बसून लहान पोरासारखे रडले. भाऊ तिथंच उभे राहून म्हणाले, "मी तक्रार कराले नाही पायजे होती."

काकाजींनी मान हलवली. म्हणाले, "नाही. तुमाले त्रास झाला ते खरंच हाये. माह्याच आवाजात खोट होती."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी काय केलं असेल? मी, भंडाऱ्याची मुलगी, त्या माणसाच्या बुलेटवर मागं बसून भंडाऱ्याला गेले. मांडीवर पितळेची परात, परातीत तांदळाची पिशवी. रस्त्यात माझी शाळेतली मैत्रीण भेटली. ती बघतच राहिली. मी तोंड फिरवलं.

परात म्हणजे काकाजींचा तराजू. घरी ते ओसरीत परात ठेवायचे, तळ झाकेल एवढे तांदूळ पसरायचे आणि अंगणात गाडी सुरू करायचे. तांदूळ नाचले तर आवाज नापास, कारण तेवढा हादरा भाऊंच्या भिंतीतही जाणार. तांदूळ अगदीच निजून राहिले तर तोही नापास, कारण काकूंना ऐकू जाणार नाही. दाणे जागच्या जागी नुसते शहारले पाहिजेत. सायलेन्सरच्या दुकानदाराला हे समजावलं तेव्हा त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की या म्हाताऱ्याला तुम्ही कुठल्या दवाखान्यातून आणलं? मी म्हटलं, दाखवा तुम्ही.

त्यानं एकामागून एक माल काढला. इंदोरी, पंजाबी, डॉल्फिन, मेगाफोन. प्रत्येकाची नावं लग्नाच्या बँडसारखी आणि आवाजही तसेच. एक सुरू केला तर समोरच्या भांड्यांच्या दुकानातले पितळी गडवे खणखणले आणि तांदूळ परातीतून माझ्या केसांत. दुकानदार अभिमानानं म्हणाला, काका, याचा बास पाहा, एक किलोमीटरवरून पोरी वळून पाहतात. काकाजी म्हणाले, "मले एकच वळाले पायजे. तेही पन्नास पावलावरून."

दुकानदारानं हातातला पाना खाली ठेवला. मग त्यानं विचारलं, कोण? काकाजी सांगत नव्हते, म्हणून मी सांगितलं. पाण्यात शिरलेल्या बाईचं सांगितलं. दुकानदारानं तोंडातला खर्रा थुंकला, शटर अर्धं ओढलं आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना नंतर या म्हणाला. मागच्या खोलीतून एक आखूड, पोटफुगा सायलेन्सर काढला, जुन्या पद्धतीचा, कोणी घेत नव्हतं तो. उघडून त्यात आतली नळी बदलली, भोवती ग्लासवूल गुंडाळलं, म्हणजे काचेचा कापूस, जो जळत नाही. बसवला, सुरू केला. काकाजी डोळे मिटून उभे. थोडं घट्ट गुंडाळ. आता सैल. आता पुन्हा. दुकानदार घामानं निथळला, पण एकदाही कुरकुरला नाही. दुपार टळली. शेवटी एकदा गाडी सुरू झाली आणि परातीकडे पाहून मीच थक्क झाले. दाणे जागेवरून हलत नव्हते. नुसते शहारत होते.

"गोल," काकाजी म्हणाले. डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते.

गावात पोचल्यावर आधी गाडी भाऊंच्या दारात. भाऊ खुर्चीत. काकाजींनी विचारलं, टोचते का? भाऊंनी पेपर वर धरला, पान उलटलं, ऐकलं. म्हणाले, टोचत नाही. पण उद्याही पाहीन, आणि परवाही. सुरुंगवाल्या माणसाला घाई नसते. मी त्यांना हात जोडले.

आणि संध्याकाळी ऊन उतरलं. काकूंनी पदर खोचला, चालायला लागल्या. मी त्यांच्या मागं, जीव मुठीत धरून, कारण दंडावरची जखम अजून भरली नव्हती. धुऱ्याजवळ पोचल्या असतील नसतील, मागून धुक् धुक् धुक् आलं. दबकं, पण सरळ पोटात शिरणारं. काकू थांबल्या. वळल्या. मी देवाचं नाव घेतलं, जे मी सहसा घेत नाही. बाई घरी आल्या, डबा घेतला, अंगणात येऊन बसल्या. भाऊंनी ओसरीतून पान उलटलं.

आवाज आता एवढा हळू होता की त्याच्याजवळ बसून बोलता येत होतं. आधीच्या नळकांड्यापुढं कोणाला ओरडल्याशिवाय बोलता यायचं नाही, म्हणून हे कधी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. काकूंनी इकडं तिकडं पाहिलं, बायांत बसल्यासारखा पदर सारखा केला, आणि गाडीजवळ उभ्या असलेल्या काकाजींना, खाली मान घालून, परक्या पुरुषाशी बोलावं तसं म्हणाल्या,

"भाऊ, माह्यं जरा लवकर दळून द्या. आमच्या घरचे वावरातून येतीन, तं उपाशी राहतीन."

काकाजींनी गाडीच्या मुठीवरचा हात काढून घेतला.

"तुमाले दिसले का ते कुठं?" काकूंनी विचारलं. "लय दिवसाचे घरी नाही आले. तुमच्या चक्कीवर सगळं गाव येते. त्याइले सांगजा, मी वाट पाहून राहिली म्हनून."

मी दाराची चौकट धरली. एवढी वर्षं मी माणसं जन्मताना पाहिली, मरताना पाहिली, पण असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं आता हा माणूस ओरडेल, अवं, मीच तो, मीच इथं उभा हाये! मला स्वतःलाच ते ओरडायचं होतं. काकाजींनी कानाचा दुपट्टा सोडला, डोक्यावर बांधला, चक्कीवाले पिठापासून केस वाचवायला बांधतात तसा. वाकून डबा उचलला.

"सांगतो बाई," ते म्हणाले. "आताच दिसले होते. रस्त्यानं लागले असतीन."

काकूंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. लाजल्या हो बाई! या वयात.

त्यानंतर रोज हेच झालं. रोज त्या निरोप द्यायच्या, रोज ते घ्यायचे. मला सहन होईना. एकदा त्या आत गेल्यावर मी भांडायच्याच तयारीनं अंगणात उतरले. म्हटलं, काकाजी, आता तुमचा आवाज त्यांना ऐकू जातो, त्या तुमच्याशी बोलतात, तर एकदा सांगून का टाकत नाही? निदान एकदा तरी नवरा म्हणून हाक मारतील.

त्यांनी हात पुढं करून गाडी बंद केली. अंगण एकदम रिकामं झालं.

"सांगाले काय लागते, नर्सबाई," ते म्हणाले. "नवऱ्यानं हात धरला तं चावून पाण्याकडं जाते. चक्कीवाल्यापाशी थांबते."